कयाकवरून मासेमारी: देवगडच्या काकांना पत्र

ओबन, स्कॉटलंड
१२ मे

तीर्थरूप काका यांस,
साष्टांग नमस्कार.

मिलिंद ऑगस्टमध्ये इथे येतोय आणि त्याला कयाकवर (वल्ह्याने चालवायच्या छोट्या, अरुंद होडीवर) बसून मासे धरायचे आहेत, हे कळल्यावर तुम्ही फोनवर तीन गोष्टी विचारल्यात: होडी केवढी, नांगर कसा टाकता आणि उलटली तर काय करता. फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण इथली बाकी सगळी तयारी त्यावरूनच ठरते.

देवगडला समुद्र २७-२८ अंशांचा असतो. इथल्या पश्चिम किनाऱ्यावर मार्चमध्ये पाणी ७-८ अंश असतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे वर्षातलं सगळ्यांत उबदार असतं तेव्हा, १३-१४. पंधरा अंशांखालच्या पाण्यात माणूस अचानक पडला की पहिली एक ते तीन मिनिटं श्वास ताब्यात राहत नाही. धाप लागते, तोंड आपोआप उघडून हवा आत ओढली जाते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. त्यामुळे पडल्यावर लगेच हातपाय मारायचे नाहीत. डोकं मागे टाकून, कान पाण्यात गेले तरी चालतील, उताणं तरंगायचं आणि श्वास ताळ्यावर आला की मग हालचाल करायची. त्यानंतर जेमतेम दहा मिनिटं बोटं कामाची राहतात. शरीर आतून गार पडायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो, पण हात त्याच्या बरेच आधी निकामी होतात. म्हणजे परत कयाकवर चढायचं ते त्या दहा मिनिटांतच.

म्हणून अंगावर ड्रायसूट असतो. मानेला आणि मनगटांना रबराच्या घट्ट पट्ट्या, पायात शिवलेले मोजे आणि पाणी न शिरणारी चेन. सूट स्वतः ऊब देत नाही, फक्त कोरडं ठेवतो. ऊब आतल्या लोकरीच्या किंवा फ्लीसच्या कपड्यांची. सुती बनियन अजिबात नको, घामाने भिजलं की ते अंग गार करतं. चेन शेवटच्या सेंटीमीटरपर्यंत ओढलेली आहे ना, हे दुसऱ्याने बघायचं. सूटमधून पाणी शिरतं ते बहुतेक वेळा तिथूनच. घातल्यावर उकिडवं बसून मानेची पट्टी बोटाने जराशी उघडायची, म्हणजे आतली हवा निघून जाते. ती राहिली तर पाण्यात पाय वर तरंगतात आणि वळणं कठीण होतं. सूटवर ५० न्यूटन तरंगशक्तीचं फोमचं जाकीट. बोटीवर वापरतात ते फुगणारं १५० न्यूटनचं जाकीट बेशुद्ध माणसालाही उताणं करतं, पण ते फुगलं की छातीवर एवढं येतं की कयाकवर चढता येत नाही. जाकिटाच्या खिशात चाकू, वॉटरप्रूफ व्हीएचएफ रेडिओ आणि ४०६ मेगाहर्ट्झचा, उपग्रहामार्फत मदत मागणारा, नोंदणी केलेला संकटसूचक. हे अंगावरच हवं, कयाकच्या कप्प्यात नको. कयाक वाऱ्याने दूर गेली तर कप्प्यातल्या वस्तूंचा उपयोग काय? व्हीएचएफवर १६ नंबरच्या चॅनलला तटरक्षक ऐकत असतात, पण पाण्याच्या पातळीवरून हातातल्या यंत्राची लाट फार लांब जात नाही आणि डोंगर आड आला की तुटते.

कयाक उलटली तर सुलटी करायची रीत अशी. ती पालथी पडते. मधोमध जाऊन तळावरून हात टाकायचा, पलीकडच्या कडेचा पट्टा धरायचा, गुडघे अलीकडच्या कडेला टेकायचे आणि अंग मागे टाकायचं. सुलटी झाली की पाय पाण्याच्या वरच्या थरात ठेवून जोरात मारायचे आणि पोट बैठकीवर येईल इतकं आडवं पुढे सरकायचं. मग वळून बूड बैठकीत टेकायचं, पाय सगळ्यांत शेवटी. पोट, बूड, पाय, या क्रमाने. घाई करून आधी गुडघ्यावर उभं राहू पाहणारा पुन्हा पडतो. चढायच्या बाजूला गऱ्या (मासे धरायच्या काठ्या), दोऱ्या, पेट्या नकोत. मिलिंदकडून हे किनाऱ्याजवळ कमरेइतक्या पाण्यात करून घेईन आणि त्याला जमेपर्यंत गरी हातात देणार नाही.

आता होडी. आपली उलांडी असते तसा कयाकला बाजूचा आधार नसतो. स्थैर्य येतं ते रुंदीतून. मासेमारीची कयाक साधारण ४ मीटर लांब, ७०-८० सेंटीमीटर रुंद, एकाच साच्यातून ओतलेल्या जाड प्लास्टिकची, २५ ते ३५ किलोची. माणूस आत नाही, वर बसतो, आणि बैठकीभोवतीची भोकं तळापर्यंत आरपार असल्याने वर आलेलं पाणी आपोआप निघून जातं. आतला भाग बंद आणि पोकळ. मागच्या टोकाला तो रिकामा करायचं बूच असतं, आणि बऱ्याच फजित्यांचं मूळ तेच. ते लावायचं राहिलं किंवा वरच्या झाकणाचं रबर जुनं झालं तर पाणी हळूहळू आत भरतं आणि वरून काहीच दिसत नाही. कयाक जड वाटू लागली, वळायला उशीर लावू लागली, मागचा भाग खाली बसला, की गरी गुंडाळून किनारा गाठायचा. आतलं पाणी लाटेबरोबर एका कडेला धावतं आणि तेच उलटवतं.

भरती-ओहोटी तुम्हाला मी काय सांगणार? उधाण आणि भांग (मोठ्या आणि लहान भरतीचे दिवस) इथेही तसेच, अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी जोर. बाराव्या भागाचा हिशेब इथले लोकही करतात: सहा तासांत पाणी चढतं ते एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा बाराव्या वाट्यांनी. फरक ३.६ मीटरचा असेल तर पहिल्या तासात ०.३, दुसऱ्यात ०.६, तिसऱ्या-चौथ्यात ०.९-०.९. मधल्या दोन तासांत चिंचोळ्या जागी जायचंच नाही. ओबनजवळ कॉनेलच्या पुलाखाली हे डोळ्यांनी दिसतं. लॉख एटिव्ह ही समुद्राची लांब खाडी, आणि तिच्या तोंडाशी खडकांचा उंबरठा आहे. उधाणाच्या सुकतीला (ओहोटीला) बाहेरचा समुद्र खाडीपेक्षा झपाट्याने खाली जातो आणि आतलं पाणी त्या उंबरठ्यावरून धबधब्यासारखं कोसळतं. लोराचा धबधबा म्हणतात त्याला. म्हणून कयाक पुलाच्या आत, टेनुइल्टच्या बाजूला उतरवतात. पुलाखालून जायचा प्रश्नच येत नाही.

वाऱ्याचा नियम याहून कडक. १० नॉटपर्यंत (ताशी साधारण १८ किलोमीटर) नवख्याला चालतं, त्यापुढे नाही. किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहणारा वारा सगळ्यांत फसवा: जवळचं पाणी तेलासारखं सपाट दिसतं, आणि अर्धा किलोमीटर आत गेल्यावर कळतं की परतीचं प्रत्येक वल्हं त्याच्या तोंडावर मारायचं आहे. वारा आणि प्रवाह समोरासमोर असतील तर आखूड, उभ्या लाटा उठतात. आधी प्रवाह कधी वळणार ते बघायचं, मग वारा, मग निघायची वेळ.

नांगराबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंत, आणि कयाकवरचं सगळ्यांत धोक्याचं काम तेच. दीड किलोचा, चार पाकळ्यांचा, घडी होणारा नांगर, त्याला मीटर-दीड मीटर साखळी आणि खोलीच्या निदान तिप्पट दोरी. दोरी बैठकीजवळ बाजूला बांधली तर प्रवाह कयाकला आडवं धरतो, कड खाली दाबली जाते आणि क्षणात उलटते. म्हणून कडेने नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत ५-६ मिलिमीटर दोरीचा फेर लावतात, दोन्ही टोकांना छोटी कप्पी आणि फेरात एक कडी. नांगराची दोरी कडीतून घालायची आणि फेर ओढून कडी पार टोकाला न्यायची, मग कयाक प्रवाहात सरळ उभी राहते. नांगर टाकताना आणि काढतानाही कडी टोकालाच हवी.

खडकात अडकलेला नांगर सुटावा म्हणून साखळी वरच्या कडीला न बांधता खालच्या, पाकळ्यांच्या बाजूला बांधतात आणि दांड्यावरून वर आणून वरच्या कडीशी प्लास्टिकच्या बारीक पट्टीने अडकवतात. नेहमीच्या ओढीला पट्टी टिकते. अडकल्यावर जोराने ओढलं की तुटते आणि नांगर उलट्या बाजूने निघतो. पट्टी फार जाड घेतली तर ती तुटत नाही आणि सगळी खटपट वाया जाते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला बोया असतो. मोठी बोट आली किंवा प्रवाह वाढला तर दोरी बोयासकट सोडून द्यायची आणि नंतर येऊन उचलायची. सुटलीच नाही तर चाकू. पाणी जोरात वाहत असेल तर माझ्या मते नांगर टाकूच नये, वाहत वाहत मासे धरावेत.

मिलिंदला ऑगस्टमध्ये मिळेल तो मुख्यतः मॅकरेल. आपल्या बांगड्याचा नातलग, पण अंग लांबट आणि तेल जास्त, त्यामुळे तिरफळ घालून केलेलं तिखलं उत्तम होतं. जून ते सप्टेंबर त्यांचे थवे किनाऱ्याला येतात. पिसं बांधलेल्या गळांची माळ आणि खाली ६० ते १०० ग्रॅम शिसं. दुकानात सहा गळांची माळ मिळते, ती कापून तीनच ठेवायचे. एकदम सहा मासे मांडीवर तडफडू लागले की मोकळा गळ हातात किंवा ड्रायसूटमध्ये घुसतो. मासा लगेच मान मोडून रक्त काढून बर्फात घालायचा. उन्हात ठेवलेल्या मॅकरेलमध्ये हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही.

केल्पच्या (मोठ्या समुद्री शेवाळाच्या) रानावर, खडकाळ उतारावर पोलॅक नावाचा मासा असतो. त्याला २०-३० ग्रॅमच्या शिशाच्या डोक्याचं मऊ रबरी आमिष तळापर्यंत सोडून सावकाश, एका लयीत वर गुंडाळायचं. धरल्यावर तो एकदम तळाकडे झेपावतो, म्हणून रिळाची पकड आधीच थोडी सैल हवी. घट्ट असेल तर दोरी तुटते किंवा गरी कडेवर वाकून मोडते. एटिव्हच्या चिखलाळ तळावर पाकट (चपटा रे मासा) आणि काटेवाली छोटी मोरी (शार्क) मिळते. त्यांना मॅकरेलची पट्टी आणि ५० पौंडी जाड नायलॉन. मोरीच्या दोन्ही पाठीच्या परांपुढे एकेक अणकुचीदार काटा असतो, आणि ती अंगाचा वेटोळा करून तो मनगटात खुपसते. तिला मांडीवर घ्यायचं नाही, कडेलाच लांब चिमट्याने गळ काढून सोडायचं. टोप नावाची मोठी मोरी गरीने धरून किनाऱ्यावर आणायला २०१२ पासून इथे कायद्याने बंदी आहे. फ्लॅपर स्केट नावाचा प्रचंड पाकटही सोडूनच द्यायचा असतो. सुनार्टपासून जुराच्या सामुद्रधुनीपर्यंतचा समुद्र त्याच्यासाठी संरक्षित आहे. माणसापेक्षा जड होणारा मासा कयाकवरून धरायला जाऊच नये.

गोड्या पाण्याचे नियम वेगळे, आणि इथे बाहेरचा माणूस चटकन चुकतो. २००३ च्या कायद्याने बिनइंजिनाची होडी तलावात घालायचा हक्क सगळ्यांना दिला, पण त्या हक्कात मासेमारी येत नाही. ट्राउट माशासाठी त्या त्या लॉखचा (इथे तलावालाही लॉखच म्हणतात) परवाना घ्यावा लागतो, आणि हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. सामन (सॅल्मन) आणि समुद्री ट्राउट यांचे हक्क मालकीचे आहेत, समुद्रातसुद्धा. परवानगीशिवाय चुकून गळाला लागला तर सोडायचा, आणि रविवारी त्यांची मासेमारी बंदच. जिवंत मासा आमिष म्हणून लावायलाही बंदी आहे. साध्या समुद्री माशांना परवाना लागत नाही, पण धरलेले विकता येत नाहीत.

लॉख ऑ इथून जवळ. ४१ किलोमीटर लांब, नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं, आणि इथला नेहमीचा वारा नैऋत्येचाच. म्हणजे सगळ्या लांबीवरून लाट वाढत येते. समुद्राच्या लाटेपेक्षा ती आखूड आणि उभी असते, त्यामुळे नाळ एकीतून निघते तोच दुसरीत बसते. उत्तरेच्या अंगाला क्रुआखानचं जलविद्युत केंद्र आहे, ते डोंगरावरच्या जलाशयात पाणी चढवतं आणि उतरवतं. त्याच्या खुणा केलेल्या पाण्यात शिरायचं नाही. ट्राउटसाठी ७-९ सेंटीमीटरचा नकली मासा २५-३० मीटर मागे सोडून, ताशी ३ ते ५ किलोमीटर वेगाने, उतार जिथे एकदम खोल होतो त्या रेषेने वल्हवत जायचं. पाइक हा शिकारी मासा लागण्याची शक्यता असेल तर आमिषापुढे ४५ सेंटीमीटर पोलादी तार हवीच. पाइकचे दात नायलॉन सहज कापतात आणि मासा गळ तोंडात घेऊन मरतो.

परतल्यावर कयाक, दोऱ्या, बूट तपासायचे, धुवायचे आणि पुढच्या लॉखवर जाण्याआधी निदान दोन दिवस पूर्ण वाळवायचे. एका तलावातली पाणवनस्पती किंवा परजीवी दुसऱ्यात गेला की परत काढता येत नाही. नॉर्वेतल्या अनेक नद्यांमधले सामन एका इवल्याशा परजीवीने संपवले. तो इथे अजून आलेला नाही आणि येऊ नये म्हणून सगळे जपतात.

मिलिंदसाठी ड्रायसूट भाड्याने घ्यायचा आहे. त्याची उंची, छाती, मानेचा आणि मनगटाचा घेर, बुटाचा नंबर जूनअखेरीपर्यंत कळवायला सांगा. मानेचं माप फितीने घेऊन द्यावं, अंदाजाने नको. पट्टी सैल असली तर पाणी शिरतं आणि फार घट्ट असली तर चक्कर येते. पातळ लोकरीचे दोन अंतर्वस्त्रजोड पुण्याहून आणले तर बरं. मिज नावाच्या बारीक माश्या इथे संध्याकाळी वारा पडला की झुंडीने चावतात, त्यासाठी डोक्यावरची जाळी मी घेऊन ठेवतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुमचा,
संदीप