दिवाळीपर्यंत थांबू नकोस

प्रिय मित्रा,

लेकाच्या डोळ्याचा सी-थ्री-आर उपचार दिवाळीपर्यंत लांबवण्याबद्दलचं तुझं पत्र आणि त्याचे दोन्ही टोपोग्राफीचे (कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आकाराच्या नकाशाचे) रिपोर्ट नीट पाहिले. सहा महिन्यांत उजव्या डोळ्याचा के-मॅक्स, म्हणजे कॉर्नियाचा सर्वाधिक बाक, ५१.२ वरून ५३ डायॉप्टरवर गेलाय आणि कॉर्नियाची जाडी सर्वांत पातळ जागी ४५५ मायक्रॉन आहे. वर्षात १ डायॉप्टर वाढ झाली तरी केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, पुढे सरकतोय असं धरतात. त्यात वय सोळा. या वयात तो झपाट्याने वाढतो. फक्त एक विचारून घे: दोन्ही तपासण्या एकाच मशीनवर झाल्या ना, आणि त्याआधी लेन्स पुरेसे दिवस बंद होत्या ना? सॉफ्ट लेन्स निदान आठवडाभर, कडक लेन्स दोन आठवडे. नाहीतर आकडा फसवतो.

चष्मा सुटेल का, असं तू विचारलंयस. नाही सुटणार. सी-थ्री-आर म्हणजे क्रॉसलिंकिंग: रायबोफ्लेविनचे (बी-२ जीवनसत्त्वाचे) थेंब घालून कॉर्नियावर अतिनील किरण सोडायचे. त्याने कॉर्नियातल्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंमध्ये नवे दुवे तयार होतात, कॉर्निया ताठ होतो आणि पुढे येणं थांबतं. काहींचा आकार थोडा सपाट होतो, पण तो वरकड फायदा. आज आहे ती नजर टिकवायची, एवढंच या उपचाराचं काम.

लेकाच्या बाबतीत सगळं अडतंय ते ४५५ या आकड्यावर. जर्मनीत ड्रेस्डेनला ठरलेल्या मूळ पद्धतीत कॉर्नियावरची पातळ पापुद्र्यासारखा थर, एपिथेलियम, मधल्या ८-९ मिलिमीटरमध्ये खरवडून काढतात, कारण रायबोफ्लेविन त्याच्यातून आत जात नाही. तो गेला की साधारण ५० मायक्रॉन कमी होतात. उरले ४०५. आणि ४०० च्या खाली अतिनील किरण एंडोथेलियमपर्यंत, म्हणजे कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या पेशींच्या थरापर्यंत, पोहोचून तो जाळू शकतात. त्या पेशी पुन्हा येत नाहीत. शिवाय डेक्स्ट्रान (थेंब दाट करणारा पदार्थ) असलेले रायबोफ्लेविनचे थेंब अर्धा तास घालताना कॉर्निया आणखी सुकून पातळ होतो. म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न विचार: थेंब डेक्स्ट्रानचे की एचपीएमसी या दुसऱ्या दाट करणाऱ्या पदार्थाचे, आणि किरण सुरू करण्याआधी जाडी पुन्हा मोजणार का? ४०० च्या खाली गेली तर हायपोटॉनिक, म्हणजे क्षार कमी असलेल्या, रायबोफ्लेविनने कॉर्निया फुगवून घेता येतो, पण ती सोय मुळात हाताशी हवी. दिवाळीपर्यंत थांबलास तर हीच शिल्लक संपेल.

किरण ३ मिलिवॅटचे ३० मिनिटं, किंवा ९ मिलिवॅटचे १० मिनिटं. एकूण मात्रा दोन्हीकडे ५.४ ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर. भूल थेंबांची, टाके नाहीत.

खरा त्रास घरी आल्यावर. पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. पडदे ओढ, गोळ्या वेळेवर दे. भुलीचे थेंब मात्र घरी कुणाच्याही सांगण्यावरून घालू नकोस, त्याने जखम भरतच नाही. जखम झाकायला वर बसवलेली बँडेज लेन्स चार-पाच दिवसांनी डॉक्टरच काढतील. आधी निसटली तर धुऊन परत बसवू नका, सरळ दवाखाना गाठा. जखम भरेपर्यंत डोळ्यात नळाचं पाणी जाता कामा नये, डोक्यावरून अंघोळ नको. दुखणं कमी होत आलेलं असताना पुन्हा वाढलं, लाली वाढली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर रात्र उलटू देऊ नकोस. जंतुसंसर्ग असू शकतो.

पहिल्या एक-दोन महिन्यांत नजर आधीपेक्षा धूसर वाटेल, के-मॅक्ससुद्धा थोडा वर गेलेला दिसेल. घाबरू नका. कॉर्नियावरचं धुकं हळूहळू विरतं, त्यासाठीचे स्टेरॉइडचे थेंब सांगितलेल्या क्रमाने कमी करायचे, मनाने बंद करायचे नाहीत. नव्या चष्म्याचा किंवा लेन्सचा नंबर तीन महिन्यांनंतर काढा.

आणि डोळे चोळणं! तू ओझरतं लिहिलंयस, पण माझ्या मते सगळ्यात आधी ते थांबायला हवं. खाज ॲलर्जीची असेल तर तिचे थेंब आत्ताच सुरू करून घे. रात्री तो पालथा, डोळा उशीत दाबून झोपतो का, तेही बघ. डावा डोळा सध्या बरा दिसतोय, तरी दर सहा महिन्यांनी दोन्हींची टोपोग्राफी चुकवू नकोस.

तारीख ठरली की कळव, आणि एपिथेलियम काढल्यानंतरची जाडी विचारून ठेव.

तुझा मित्र