व्हेरोनिकाला परत आणावे की नाही?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या पत्रातल्या प्रश्नांची उत्तरे या पत्रातही मिळणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. माझी प्रकृती ठीक आहे आणि पाठही हल्ली फारशी कुरकुर करत नाही. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’ हा व्हिडिओ गेम मी अखेर त्या जागेपर्यंत आणून ठेवला आहे, जिथे काळाचा गोल फोडून मागे जायचे की नाही हे ठरवावे लागते, आणि माझा हात तिथेच थांबला आहे. दादाला सांगून पाहिले. ‘बटण दाब आणि मोकळा हो,’ असे म्हणून तो निघून गेला. हा घोळ कळेल असा माणूस तूच, कारण याच मुद्द्यावरून आपण पूर्वी इतके भांडलो आहोत की वहिनी आपल्याला खोलीबाहेर काढत असत.

तू हा गेम माझ्या आधी संपवलास आणि कबूल केल्याप्रमाणे तोंड मिटून बसलास, याबद्दल तुझे आभार मानतो. जगवृक्ष कोसळतो तेव्हा ती तिखट जिभेची, लहान मुलीच्या देहात अडकलेली जादूगार व्हेरोनिका बाकीच्या सर्वांना वाचवते आणि स्वतः मागे राहते, आणि हे आपल्याला बऱ्याच उशिरा, सगळे सोबती एकेक करून परत मिळाल्यावर कळते. तोवर मी पार्टीतली, म्हणजे नायकासोबत लढणाऱ्या सोबत्यांतली, तिची जागा मनातल्या मनात राखून ठेवली होती. तिची जुळी बहीण सेरेना केस कापते त्या प्रसंगी मला गलबलून आले. पण खरा धक्का त्यानंतर मेनू उघडल्यावर बसला, कारण व्हेरोनिकाचे मंत्र आता सेरेनाच्या यादीत दिसत होते. शोक असा मेनूतून सांगणे हे फक्त याच जातीच्या गेमांना जमते. या मालिकेचे चित्रकार तोरियामा यांनी काढलेले चेहरे विनोदासाठीच असतात असे तू म्हणायचास. २०२४ च्या मार्चमध्ये ते गेल्याची बातमी आली तेव्हा मला सर्वांत आधी सेरेनाचा तो आखूड केसांचा चेहरा बघावासा वाटला.

आता माझी अडचण ऐक. शेवटचा बॉस, म्हणजे सर्वांत मोठा शत्रू, पडला, श्रेयनामावली सरकून गेली, आणि त्यानंतर गेम सांगतो की मागे जाता येईल, व्हेरोनिका वाचवता येईल, मात्र नायकाला एकट्यालाच जावे लागेल आणि परतीची वाट नाही. म्हणजे मिळणार ती व्हेरोनिका आणि जाणार ती ही सेरेना, जिने बहिणीच्या मृत्यूनंतर स्वतःला नव्याने उभे केले. पहिला अर्धा गेम ज्याने आपला पाठलाग केला, तो हेन्ड्रिकही याच पडझडीत आपला होतो. ही सारी माणसे तो काळाचा गोल असलेल्या मनोऱ्यात आपल्याला निरोप देतात आणि आपण त्यांना एका मोडलेल्या जगात सोडून निघायचे. एका मुलीसाठी इतक्यांच्या आठवणी पुसण्याचा अधिकार नायकाला कोणी दिला?

तू म्हणशील, ‘क्रोनो ट्रिगर’ला तू डोक्यावर घेतोस आणि इथे मात्र तत्त्वज्ञान सांगतोस. ते उत्तर मी तयार ठेवले आहे. १९९५ च्या त्या गेममध्ये नायक क्रोनो लाव्होस या राक्षसासमोर राख होतो हे खरे, आणि काळात मागे जाऊन त्याला आणता येते हेही खरे. पण त्याचे सोबती गोठलेल्या त्या क्षणात शिरून त्याच्या जागी एक बाहुला ठेवतात आणि त्याला उचलून आणतात, त्यामुळे त्याच्या मृत्यूनंतर त्यांनी जे सोसले त्यातले काहीही पुसले जात नाही. शिवाय ते सक्तीचे नाही. क्रोनोला न आणताही तो गेम संपवता येतो. त्यासाठी डोंगर चढावा लागतो, जत्रेतला बाहुला मिळवावा लागतो. मला परत आणण्याचा राग नाही, आधी घडलेले नाकारण्याचा राग आहे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे जनक युजी होरी हे दोन्ही गेमांच्या मुळाशी आहेत, म्हणून तर मला हे अधिक लागते.

एरिथवरून झालेले भांडण तुला आठवतच असेल. ‘फायनल फँटसी ७’ची पहिली डिस्क संपता संपता ती मरते, आणि तू तेव्हा कोणीतरी उठवलेल्या अफवेवर विश्वास ठेवून तिला परत आणण्याचे अघोरी उपाय करत बसला होतास. मी हसलो होतो, पण आज मला वाटते की त्या गेमची थोरवी तुझ्या त्या वेडातच सिद्ध झाली. तिला अखेरचा लिमिट ब्रेक, म्हणजे तिची सर्वांत मोठी खास शक्ती, मिळवून देण्यासाठी ज्यांनी खटपट केली त्यांची सारी मेहनत तिच्याबरोबर गेली, आणि पुढच्या प्रत्येक लढाईत बरे करणारा हात कमी पडला. हे नुकसान कथेपेक्षा लढाईत जास्त जाणवते. त्याच गेमच्या पुनर्निर्मितीतल्या २०२४ च्या ‘रीबर्थ’ने हाच प्रसंग धूसर करून ठेवला. तुला ते गूढ वाटले. मला ती टाळाटाळ वाटली. मरण दाखवायचे तर सरळ दाखवावे.

बरे, शॅडोचा विषय मी काढणार नव्हतो, पण काढतो. ‘फायनल फँटसी ६’मध्ये तरंगता खंड कोसळत असताना घड्याळ उलटे चालू असते, आणि अगदी शेवटच्या क्षणापर्यंत थांबले तरच आपला सोबती शॅडो धावत येतो; नाही थांबलास तर तो कायमचा गेला. तू उडी मारलीस. वरून मला सांगितलेस की तो भाडोत्री माणूस होता. मी या साऱ्या गेमांत त्या एका जागेला सर्वांत वर मानतो, कारण तिथे थांबल्याने काय मिळेल याचे आश्वासन कोणी देत नाही आणि मागाहून कोणी दोषही देत नाही. त्याच गेममध्ये सेलेस ही नायिका ओसाड बेटावर आजारी सिडला मासे खाऊ घालते. मासे चपळ मिळाले तर तो जगतो, नाहीतर मरतो, आणि कथा दोन्ही वाटांनी पुढे जाते. १९९४ साली एवढी समज असलेली मंडळी होती, आणि आज आपल्यासमोर काळाचा गोल ठेवतात.

याउलट ‘सुईकोडेन २’मधली नायकाची बहीण नानामी मला पटत नाही, हे तुला ठाऊक आहेच. नायकाच्या फौजेत १०८ जणांची भरती वेळेत झाली तर ती वाचते, नाहीतर जाते; म्हणजे बहिणीचा जीव हजेरीपटावर अवलंबून. तू म्हणतोस की माणसे जोडण्याचे फळ मिळालेच पाहिजे, आणि त्या गेमचे कर्ते मुरायामा यांनी ते फार प्रेमाने केले होते. प्रेमाबद्दल वाद नाही. पण ज्याला शेवटचा एक स्वयंपाकी सापडला नाही, त्याने तिला मारले असे मानायचे का?

‘निअर ऑटोमाटा’चा शेवट मात्र आपल्या दोघांनाही एकाच वेळी गप्प करून गेला होता. एका अनोळखी खेळाडूला मदत करायची तर आपली सगळी सेव्ह फाइल, म्हणजे खेळातली जपून ठेवलेली प्रगती, पुसून द्यावी लागते. तू दिलीस, मी दिली नाही, आणि तेवढ्यापुरता तू माझ्यापेक्षा मोठा ठरलास. हे लेखी मिळावे म्हणून तू आतुर असशीलच, तर घे. पण तिथे पुसले जाणारे आपलेच असते, आणि इथे दुसऱ्यांचे. माझी सगळी चिडचिड या एका फरकापाशी येऊन थांबते.

दादा म्हणतो, टर्न-बेस्ड म्हणजे पाळीपाळीने होणाऱ्या लढाईत माणसे समोरासमोर रांग लावून मार खातात, म्हणून ‘फायनल फँटसी १६’ने ते सोडले हे बरेच झाले. मी वाद घातला नाही. हातांना काम देणाऱ्या गेममध्ये व्हेरोनिकाची रिकामी जागा कोणाच्या लक्षात आली असती? आपली पाळी येते, कोणाला काय सांगायचे याचा विचार करावा लागतो, आणि त्या विचारातच ही माणसे आपली होतात.

नव्या नोकरीबद्दल अभिनंदन, बदलीचे काय झाले ते सवडीने कळव. मुलीला दात आले हे वाचून आनंद झाला, वहिनींना माझा नमस्कार सांग.

‘ड्रॅगन क्वेस्ट’ने १९८६ पासून ‘हो’ आणि ‘नाही’ची थट्टाच केली आहे. पहिल्या भागातली राजकन्या ‘नाही’ हे उत्तर ऐकूनच घेत नाही, आणि खलनायक ड्रॅगनलॉर्डने अर्धे जग देऊ केल्यावर ‘हो’ म्हटले की सगळे आटोपते. पाचव्या भागात लग्न बियांकाशी की नेराशी हे ठरवल्यावर माघार नसते (तू नेराशी लग्न केलेस ते सासऱ्याची श्रीमंती पाहून, हे मी विसरलेलो नाही). तीस वर्षे जी मालिका निवडीचा भार खेळाडूच्या खांद्यावर टाकत आली, तिने अकराव्या भागात मला हा प्रश्न विचारावा आणि मी निमूटपणे ‘हो’ म्हणावे अशी तिची अपेक्षा आहे, याचा मला राग येतो. आणि तरीही व्हेरोनिका हवी आहे, तिचे टोमणे हवे आहेत, हे तुझ्यापासून लपवून काय उपयोग.

म्हणून सध्या मी मनोऱ्याकडे फिरकत नाही. या मोडक्या जगातल्या लोकांची राहिलेली बारीकसारीक कामे करतो, सेरेनाला पुढच्या रांगेत ठेवतो आणि कॅसिनोत टोकन हरतो. तू गोल फोडण्याआधी थांबला होतास का, एवढेच कळव. त्यापुढे काय घडते यातले एक अक्षरही लिहू नकोस, आणि दादाला विचारून उत्तर देऊ नकोस.

तुझाच,
मित्र