मॅडम, त्याने पाणी मागितलं

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

तुमच्यासमोर बसलं की मला आधी रडू येतं आणि बोलायचं राहून जातं, म्हणून लिहितेय.

लेक तीन वर्षांचा झाला तरी तोंडातून एक शब्द नाही. हवं ते मिळालं नाही की जमिनीवर डोकं आपटायचा. कुणी म्हणालं, वेखंड उगाळून जिभेला लावा. कुणी म्हणालं, बापही उशिराच बोलला होता. एका डॉक्टरांनीही ‘थांबा, बोलेल’ म्हणून परत पाठवलं. त्यात वर्ष गेलं, ते अजून सलतं. मग अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं, त्यांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा-उपचारासाठी तुमच्यापर्यंत पोचलो. तुम्ही आधी ऐकू येतं का ते बघणारी बेरा तपासणी करून घेतली. कान चांगले निघाले. तेव्हा म्हणालात, “त्याला सांगायचंय खूप. कसं सांगायचं ते सापडत नाहीये.”

मला वाटलं, आता त्याला अ-आ-इ म्हणायला लावाल. तुम्ही आम्हालाच कामाला लावलंत. चुरमुरे पारदर्शक डब्यात भरा, झाकण घट्ट लावा, दिसेल पण हात पुरणार नाही असा ठेवा. मी पुठ्ठ्यावर चित्र काढून कार्ड केलं, ते त्याला कळेना. आमच्याच डब्याचा, निळ्या झाकणासकट फोटो चिकटवला तेव्हा कळलं. तो डब्याकडे झेपावला की जाऊबाईंनी मागून त्याचा हात धरून कार्ड माझ्या हातात द्यायचं, आणि मी लगेच “चुरमुरे!” म्हणत चिमूटभर द्यायचे. मागच्या माणसाने अवाक्षर काढायचं नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत. बाराव्या दिवशी जाऊबाई पोळ्या लाटत होत्या, मी मेथी निवडत होते. हा एकटाच आला, कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. माझ्या तोंडाकडे, मॅडम! तोवर तो नुसता माझं मनगट धरून ओढायचा.

कार्डांची सवय लागली तर पोरगं बोलायचंच नाही, अशी सासूबाईंना धास्ती होती. खरं तर मलाही होती. तुम्ही न वैतागता सांगितलंत, की अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये चित्र देऊन मागायची ही पद्धत अशाच लहान मुलांसाठी बसवली, आणि चित्रांमुळे बोलणं अडत नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रावर बोट ठेवलं की मराठीतही बोलणारं जेलो हे मोफत ॲपही तुम्हीच मोबाइलवर घालून दिलंत.

सगळ्यात अवघड गेलं ते गप्प बसणं. ‘विचारलं की मनात दहापर्यंत मोजा, मध्ये बोलू नका,’ म्हणाला होतात. आईला हे किती जड जातं! मागच्या महिन्यात तांब्या हातात धरून मी मोजत होते. सातवर आले आणि तो म्हणाला, “पा.” सासूबाईंनी देवापाशी साखर ठेवली.

आज रविवार. सकाळी त्याने कार्डांच्या वहीतून तुमचा फोटो काढून माझ्या हातात दिला. केंद्र बंद आहे हे सांगायचं कार्ड माझ्याकडे नव्हतं, ते आत्ता करायला घेतलंय. गुरुवारी आम्ही येतोच.

तुमची,
एक आई