रेंजवरची लाल पिशवी

नाशिक,
१४ डिसेंबर

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. शाळेच्या नेमबाजीच्या ५० मीटर रेंजला परवानगी मिळाली हे वाचून फार आनंद झाला. धुळ्याच्या पोरांना आता पॉइंट टू-टू रायफलच्या सरावासाठी गाव सोडून जावं लागणार नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य मिळवलं, तेव्हापासून आमच्याकडे नाव घालायला येणाऱ्या मुलांची रीघ लागली आहे. तो नाशिकमध्ये शिकला, घडला, त्यामुळे इथल्या आईबापांना तो घरचाच वाटतो. तुमच्याकडेही गर्दी होईल बघ.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "फर्स्ट एडच्या पेटीत काय ठेवायचं तेवढं कळव, मेडिकलमधून मागवून घेते." मंदा, याचं उत्तर दोन ओळींत देणं मला जमणार नाही. इतकी वर्षं कॅज्युअल्टीत काढली आणि आता नातीच्या निमित्ताने दर रविवारी रेंजवर बसते. हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आधी एक सांगते, घाबरू नकोस. शिस्तीत चालणाऱ्या रेंजवर गोळी लागण्याचे प्रसंग फार क्वचित येतात. तुझ्याकडे वर्षभरात होईल ते एवढंच: कुणाचं बोट रायफलच्या बोल्टमध्ये चिमटेल, एप्रिलमध्ये जाड जॅकेट घालून उभं राहिलेलं पोरगं चक्कर येऊन पडेल, टार्गेट बदलताना कुणी पत्र्याने हात कापून घेईल. यासाठी नेहमीची पेटी हवीच. चिकटपट्ट्या, बीटाडीन, क्रेप बँडेज, ओआरएस. ती तू डोळे मिटून भरशील.

पण गोळीच्या जखमेचं सामान त्या पेटीत टाकू नकोस. त्याची वेगळी लाल पिशवी कर. नेहमीची पेटी दिवसातून चार वेळा उघडली जाते, कुणी काय काढलं याचा पत्ता नसतो, आणि नेमक्या वेळी हात क्रोसिनच्या पाकिटांतून फिरत राहतो. लाल पिशवीला डोकेदुखीसाठी कुणी हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून घाल.

पॉइंट टू-टूची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, पण ती सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास वेगाने जाते. मांडीतली मोठी धमनी फाटली, तर माणूस पाच मिनिटांत हातचा जाऊ शकतो. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण ५ लिटर, आणि तुझ्या सातवी-आठवीच्या मुलांच्या अंगात त्याहून बरंच कमी. १०८ची गाडी कितीही तत्पर असली तरी पाच मिनिटांत ती तुमच्या मैदानात पोचणार नाही. तोवर जे करायचं ते तिथे उभ्या असलेल्या माणसांनीच करायचं आहे. म्हणून पिशवीत रक्त थांबवण्याचं सामान आधी, बाकी सगळं नंतर.

सर्वात आधी टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळून बांधायचा पट्टा. आपल्या पिढीच्या नर्सना शिकवलं गेलं की टूर्निकेट हा अगदी शेवटचा उपाय, बांधला की हातपाय गमावला समज. ते मत आता मागे पडलं आहे. बगदादच्या अमेरिकी सैनिकी रुग्णालयातल्या जखमींचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. शॉकमध्ये, म्हणजे रक्त जाऊन शरीर कोलमडण्याच्या अवस्थेत, जाण्याआधी टूर्निकेट लागलं त्यांच्यातले ९० टक्के वाचले, शॉकमध्ये गेल्यावर लागलं त्यांच्यातले १० टक्केच. आणि केवळ टूर्निकेटमुळे कुणाचाही हात किंवा पाय कापावा लागला नाही. हे आकडे मी पालकांच्या प्रत्येक बैठकीत सांगते.

रक्त काढताना दंडाला बांधतो तो रबरी पट्टा यासाठी चालत नाही. तो फक्त शिरेतलं रक्त अडवतो, धमनीतलं येतच राहतं आणि जखम जास्तच वाहते. कमरेचा पट्टा पुरेसा आवळत नाही. ओढणी आणि काठीचा उपायही ऐनवेळी बहुतेकदा सैल पडतो. दीड इंच रुंद पट्टा आणि पिळायची दांडी असलेलं, सैन्यात वापरतात ते कॅट टूर्निकेट घे. मात्र ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिळतं ते घेऊ नकोस. तशी नक्कल आमच्या एका पालकाने हौसेने आणली होती. सरावातच दांडी वाकली. अस्सल महाग पडतं, पण पैसे वाचवायची ही जागा नव्हे. दोन घे, कारण मांडीवर कधी कधी एकाने भागत नाही.

जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा टाळून बांधायचं. रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची. पेशंट दुखतं म्हणून ओरडेल, दुखणारच. वेळ मार्करने पट्ट्यावर किंवा कपाळावर लिहायची आणि हॉस्पिटलपर्यंत ते सैल करायचं नाही. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार आमच्याकडे रेंज ऑफिसर आहेत. टूर्निकेट प्लॅस्टिकच्या वेष्टनात ठेवलेलं ते चालवून घेत नाहीत. वेष्टन काढून, पट्टा मोकळा करून, लगेच चढवता येईल असंच पिशवीत ठेवायला लावतात. तूही तसंच कर.

जांघ, काख, खांदा इथे टूर्निकेट बसत नाही. तिथे जखमेत गॉज, म्हणजे जाळीदार पट्टीचं कापड, भरावा लागतो. वरून ठेवून चालत नाही, बोटाने आत, रक्त येतं तिथपर्यंत कोंबायचा आणि मग दोन्ही हातांनी अंगाचा भार देऊन दाबायचं. रक्त गोठवणारा गॉज मिळाला तर उत्तम, त्याला तीन मिनिटांचा दाब पुरतो. तो न मिळाल्यास साधा निर्जंतुक गॉज चालतो, फक्त दाब दहा मिनिटं धरायचा आणि मध्येच उचलून बघायचं नाही. हे बघायचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून सरावात मी घड्याळ लावून बसवते. गॉज आणि रोलर बँडेज आमच्याकडे गोळे कॉलनीत होलसेलमध्ये स्वस्त पडतात. तुला हवे तर मीच घेऊन येते. छातीत आणि पोटात मात्र गॉज भरायचा नाही, हे सगळ्यांना बजावून सांग.

छातीला गोळी लागली तर भोकातून हवा आत शिरते. त्यासाठी झडप असलेली चेस्ट सील, म्हणजे भोकावर लावायची चिकट पट्टी, मिळते, ती दोन घे, कारण गोळी पाठीतून बाहेर पडलेली असू शकते. पाठ आणि काख हात फिरवून बघायलाच हवी. घाम आणि रक्त पुसल्याशिवाय सील चिकटत नाही. लावल्यावर श्वास आणखी कोंडला, तर कड उचलून हवा सोडायची. सुई टोचणं, नाकात नळी घालणं हे डॉक्टरांचं काम. ते सामान पिशवीत ठेवूच नकोस. हाताशी असलं की कुणाला तरी वापरावंसं वाटतं.

तुझ्या १० मीटर रेंजवरची मला जास्त काळजी डोळ्याची वाटते. एअर रायफलचा छर्रा किंवा त्याचा उडालेला तुकडा डोळ्यात गेला, तर डोळा दाबायचा नाही, धुवायचा नाही, आतलं काही ओढायचं नाही. चहाचा कागदी कप डोळ्यावर उपडा ठेवून हाडावर टेपने चिकटवायचा आणि सरळ नेत्रतज्ज्ञांकडे. चार कोरे कप पिशवीत टाक.

बाकी नायट्राइलचे हातमोजे, कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, दाबून बांधायचं मोठं बँडेज, मार्कर. आणि चंदेरी ब्लँकेट विसरू नकोस. रक्त गेलेला माणूस गार पडला की त्याचं रक्त गोठेनासं होतं. आत्ता निफाडकडे पारा किती उतरतो ते तू पेपरात वाचतेसच. अशा सकाळी फरशीवर पडलेल्या पेशंटला खालून आणि वरून दोन्हीकडून गुंडाळायला हवं. उन्हाळ्यात उलटा प्रश्न. पिशवी गाडीच्या डिकीत राहिली की सीलचा डिंक वितळतो. मुदतीच्या तारखा जूनमध्ये, शाळा सुरू होताना तपास.

पिशवी फायरिंग लाइनच्या मागे, खांद्याच्या उंचीवर खुंटीला टांगायची. एका स्पर्धेत मी पाहिलं, फार चांगलं सामान होतं, पण ऑफिसच्या कपाटात, कुलपात, आणि किल्ली असलेले गृहस्थ जेवायला गेलेले. कुणाला काही झालं नाही ते नशीब.

काही घडलंच, तर पिशवीकडे धावण्याआधी "स्टॉप" पुकारायचं. सगळ्या बंदुका खाली, रिकाम्या, सेफ्टी फ्लॅग, म्हणजे बंदूक रिकामी असल्याची खूण, घातलेल्या. रेंज ऑफिसरने "सुरक्षित" म्हटल्याशिवाय रेषेपुढे कुणी पाऊल टाकायचं नाही. नाहीतर मदतीला धावलेलं माणूस दुसरा पेशंट होतं. मग एकाने जखम, एकाने १०८, एकाने गेटवर उभं राहून गाडीला हात करायचा. ही नावं दर सरावाला फळ्यावर लिहून ठेव. फोनजवळ रेंजचा पत्ता खुणेसकट मोठ्या अक्षरांत लाव, घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही सुचत नाही. रस्ताही आधी ठरव. आमच्याकडे सिंहस्थाच्या कामांनी रोज नवा रस्ता खोदलेला असतो, म्हणून आम्ही दोन हॉस्पिटलं आणि दोन वाटा लिहून ठेवल्या आहेत.

गोळीची जखम म्हणजे एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी केस, पोलीस येणारच, आणि या भीतीने लोक खाजगी दवाखान्याच्या दारात अडखळतात. १९८९च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की जीव वाचवणं आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर. सरकारी असो वा खाजगी, डॉक्टरला उपचार थांबवता येत नाहीत. ही ओळ छापून पिशवीच्या आतल्या बाजूला लाव. तिथे घालवलेली दोन मिनिटंही परवडणारी नसतात.

राहिला सराव. सामान आणून टांगलं की काम झालं असं शाळांना वाटतं, तिथे तू ठाम राहा. सरावासाठी वेगळं टूर्निकेट ठेव, निळ्या रंगाचं मिळतं. पिशवीतलं वापरून जुनं करू नकोस. डावा हात एकट्याने बांधायचा, डोळे मिटून बांधायचा, असं मोठ्या मुलांकडूनही करून घे. नववीतल्या मुली हे आमच्या कितीतरी पालकांपेक्षा चटकन शिकल्या. गॉज भरण्यासाठी गादीच्या फोमला खोल भोक पाड, तेवढ्यावर हात बसतो.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मी धुळ्याला येते. गॉज, फोम आणि निळं टूर्निकेट मी आणते, टूर्निकेटची आणि सीलची मागणी तू आजच नोंदव, त्यांना यायला वेळ लागतो. पालकांना दहा वाजता बोलाव, मुख्याध्यापकांना आणि शिपाईमामांना पहिल्या रांगेत बसव, कारण रेंजवर सगळ्यात जास्त वेळ मामाच असतात. आणि बिलं शाळेच्या नावावर घे, म्हणजे मुदत संपल्यावर नवं सामान घेताना तुला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

भाऊजींना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुझी,
कुंदा