आवाहन : बहर ओसरण्याआधी झाडांची ओळख पटवू या

सप्रेम नमस्कार.

विहिरीपलीकडची गुरुजींची झाडे सध्या ऐन बहरात आहेत. वायवर्ण फुलला आहे, सीतेच्या अशोकाला केशरी गुच्छ आले आहेत. (कंपाउंडला लावतात तो सरळसोट आसुपालव म्हणजे अशोक नव्हे, हे पुन्हा एकदा!) नाव कोणालाच ठाऊक नाही अशा काही झाडाझुडपांनीही कळ्या धरल्या आहेत. फूल पाहिल्याशिवाय जाणकारही सहसा ठाम नाव सांगत नाहीत. हे दिवस हुकले की काम वर्षभर लांबले.

गोरखचिंच, कृष्णवड, उर्वशी ही झाडे गुरुजींनी कुठकुठून मिळवली, उन्हाळ्यात स्वतः कळशीने पाणी घालून जगवली, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. त्यांच्यामागे डॉक्टरसाहेबांनी तारेचे कुंपण करून दिले, नर्सरीवाल्या काकांनी ठिबकच्या नळ्यांचा एक पैसा घेतला नाही. महिला मंडळाने तर पापड-लोणची विकून झाडांच्या नावांचे पहिले फलक उभे केले. या सर्वांचे ऋण मोठे आहे.

रक्तचंदन म्हणून आलेले रोप मोठे झाल्यावर रतनगुंज निघाले. लाल चकचकीत बियांमुळे ही गफलत सर्रास होते. तरी सूज उतरवायला रक्तचंदन म्हणून लोक त्याचीच साल काढून नेतात. खोडावर हात पोचेल तिथवर चाकूचे वण आहेत. महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीने शहरांतील 50 वर्षे व त्यावरील झाड ‘वारसा वृक्ष’ ठरते. पण नावच माहीत नसेल तर नोंदीत काय लिहायचे?

कोजागरीला बागेत बसायला जागा पुरत नाही. गेल्या वर्षी याच कामाला हाक दिली तेव्हा व्हॉट्सअॅपवर अंगठे भरपूर आले, माणसे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. असो.

येते चार रविवार, सकाळी 7 ते 9.30. पाने समोरासमोर की एकाआड, चीक येतो का, हे टिपायचे. वाळलेला नमुना करण्यासाठी फुलाफळांसह फांदी रद्दीत दाबायची (रद्दी आणावी, कागद रोज बदलण्यासाठी दोघे हवेत). फोटोत पानाची मागची बाजूही हवी. फांद्या परस्पर तोडू नयेत. न ओळखलेले नमुने पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे दाखवायचा मानस आहे. नावाच्या प्रत्येक फलकाला खर्च रु. 700, खिळ्याऐवजी स्प्रिंगने बांधणार. देणगी रोख वा धनादेशाने, कार्यालयात सायं. 5 ते 7 (सोमवार बंद). पावती आठवणीने घ्यावी.

आपला नम्र,
सचिव