सूचना : सोलर गरम पाण्याचा संच बसवणाऱ्या सभासदांसाठी

थंडीच्या तोंडावर गिझरऐवजी सोलर घेणाऱ्या सभासदांनी ऑर्डर देण्यापूर्वी हे वाचावे.

चार माणसांना १०० ते १५० लिटर पुरते. १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला गिझर सुमारे ४.७ युनिट खातो. उन्हाच्या दिवशी ते वाचतात. आपले पाणी बोअरचे, म्हणून काचेच्या नळ्यांचाच (ईटीसी) संच घ्यावा. सपाट पॅनेलमधल्या तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने चोंदतात, मग ऊन असूनही पाणी कोमटच.

नळ्यांचे तोंड दक्षिणेला हवे, वर पाण्याच्या टाकीची सावली नको. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा, नाहीतर ती पूर्ण भरत नाही. हवेचा पाइप उघडाच ठेवा. पाणी सांडते म्हणून त्याला बूच मारले, की टाकी फुगते किंवा आत चेपते. गरम लाइन सीपीव्हीसीची, वरून इन्सुलेशन. साधा पीव्हीसी वाकतो. तळमजल्यापर्यंतच्या १५ मीटर पाऊण इंची पाइपात साडेचार लिटर गार पाणी असते, ते बादलीत धरा.

टाकी रिकामी झाली तर दुपारी पाणी सोडू नका, तापलेल्या नळ्या तडकतात. भल्या पहाटे भरा. टाकीला गंजापासून वाचवणारी आतली मॅग्नेशियमची कांडी वर्षातून एकदा तपासा.

गिझर मात्र काढू नका, पावसाळ्यात लागेलच. गच्चीवर जागा नसलेल्यांना हीट पंप (हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारे यंत्र) चालेल : वीज गिझरच्या साधारण एक तृतीयांश, पण हवेशीर जागा आणि ठिबकणाऱ्या पाण्याला वाट हवी.

स्टँडसाठी गच्चीला परस्पर भोके पाडू नयेत, वॉटरप्रूफिंग फुटते. आधी समितीला कळवावे.

— व्यवस्थापक समिती, सांगली