सरळ पट्टीचा वाकडा सल्ला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘लिगामेंट दुखावल्यास बोटे सरळ ठेवून लाकडी पट्टी बांधावी, तीन आठवडे हलवू नये.’ कालच्या आरोग्य पुरवणीतला हा सल्ला लेखकाने कुणाच्या हातावर करून पाहिला आहे का? लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, हाडाला हाडाशी बांधतो; स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. लेखात दोन्हींची ‘नस’ झाली आहे, ते सोडून देऊ.

वाचकांनीच करून पाहावे. बोटे सरळ ठेवा, दुसऱ्या हाताने तर्जनी धरून तळहाताशी असलेल्या सांध्यात डावी-उजवीकडे हलवा. सहज हलते. आता तोच सांधा काटकोनात वाकवून हलवा. जवळजवळ जाम! तिथल्या हाडाचे डोके तळव्याच्या बाजूला रुंद असते. बोट वाकले की दोन्ही कडांचे अस्थिबंध त्यावर ताणले जातात, सरळ झाले की सैल पडतात. सैल अवस्थेत तीन आठवडे बांधलेले अस्थिबंध आखडतात आणि पट्टी सुटल्यावर मूठ वळत नाही. म्हणून स्प्लिंटमध्ये, म्हणजे आधाराच्या साच्यात, हा सांधा ७० ते ९० अंशांत वाकवून ठेवतात. पुढचे दोन सांधे मात्र सरळच, कारण तिथे वाकलेल्या अवस्थेत सांध्याची तळव्याकडची ऊतींची जाड पट्टी आखडते. म्हणजे लाकडी पट्टी अर्ध्या बोटाला बरोबर आहे. अर्ध्या गुणांबद्दल अभिनंदन. मधल्या सांध्याचा साधा मुरगळा असेल तर दुखरे बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने जोडून हलते ठेवले तरी पुरते.

अंगठ्याचा तर उल्लेखच नाही, आणि तोही पावसात दुचाक्या घसरणाऱ्या, मोटरसायकल-टॅक्सीवाल्या ‘पायलटां’च्या गोव्यात! पडताना हँडलवरचा अंगठा बाहेर फेकला जातो आणि त्याच्या मधल्या सांध्याचा तर्जनीकडचा अस्थिबंध तुटतो. पूर्ण तुटला तर टोक कधी कधी शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर चढून बसते. स्टेनर या शल्यचिकित्सकाने १९६२ मध्येच हे दाखवून दिले. मध्ये पडदा आल्यावर ते हाडाला चिकटणार कसे? तिथे शस्त्रक्रियाच लागते, बाम चोळून भागत नाही. आधी एक्स-रे, कारण हाडाचा तुकडा निघालेला असला तर सांधा किती सैल आहे हे ताणून पाहताना तो सरकू शकतो. मग दोन्ही अंगठे ताणून तुलना. सूज उतरली म्हणून दोन महिने गप्प बसले की चिमटीतला जोर जातो, स्कूटरची किल्ली फिरवणेही जड होते.

जाता जाता : सोबतच्या चित्रात मनगटाची सातच हाडे दिसतात. असतात आठ. आठवे बहुधा खालच्या जाहिरातीत गेले.

– एक फिजिओथेरपिस्ट, फोंडा